अब्रूचा कायदा आणि क्रीडालेखक

डेव्हिड वॉल्श यांच्या प्रकरणात शेवटी सत्याचाच जय झाला, असे म्हणून आमचे काही सुशिक्षित मित्र समाधान मानतात. आम्हांस ते समाधान लाभत नाही.

लंडनच्या ‘संडे टाइम्स’च्या या आयरिश क्रीडालेखकाने १९९९ सालीच, फ्रान्सची सायकलशर्यत प्रथम जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगविषयी शंका घेतली. २००४ मध्ये पिएर बालेस्टर यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये निघाला. त्यातील आरोपांचा उल्लेख करताच पत्रावर अब्रूनुकसानीचा दावा आला. इंग्लंडच्या कायद्यात वादीची अब्रू गृहीतच धरलेली. लिहिले ते खरे, हे शाबीत करावे प्रतिवादीने! उत्तेजक द्रव्य काय चव्हाट्यावर बसून घेतात? २००६ मध्ये पत्राने तीन लाख पौंड मोजून तडजोड केली. म्हणजे खऱ्याने खोट्याला दंड भरला.

पुढे २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुरावे मांडले, सातही विजेतेपदे गेली, आणि जानेवारी २०१३ मध्ये स्वारीने स्वमुखे कबुली दिली. त्याच वर्षी पत्राशी त्याचा समेटही झाला. पैशाचा हिशेब मिटला असेल. पण मधली वर्षे वॉल्श मत्सरी ठरले, त्याचे काय? २०१३ च्या नव्या कायद्याने लोकहिताच्या बचावास वाट दिली खरी. सत्य शाबीत करण्याचा बोजा मात्र अजून लेखकाच्याच माथी आहे.