भिंतीत गाडलेला पाइप आणि कावीळ

बांधकामाचे नियम हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण दरवर्षी पावसाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाचे जे रुग्ण येतात, त्यांच्या आजाराचे मूळ पुष्कळदा गवंड्याच्या आणि नळवाल्याच्या कामात सापडते. औषध मी देऊ शकतो. गळका पाइप मात्र गोळीने बंद होत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता सगळ्या राज्याला एकच नियम. त्याआधी प्रत्येक गावाची नियमावली वेगळी होती, त्यामुळे हे चांगलेच झाले. पण या जाड पुस्तकातली चटई क्षेत्राची पाने तेवढी हाताळून मळलेली असतात. कोणत्याही कार्यालयात जाऊन पाहा, चर्चा असते ती किती मजले चढवता येतील याची. सेप्टिक टँक, विहीर, पाण्याची टाकी आणि संडास यांच्याविषयीची पाने कोरीच राहतात.

त्या पानांत काय आहे? मैला मुरवणारा शोषखड्डा विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्यापासून किमान १२ मीटर दूर हवा. संडासाचे दार थेट स्वयंपाकघरात उघडता कामा नये. गच्चीवरच्या टाकीला घट्ट बसणारे, डास आत जाऊ न देणारे झाकण हवे आणि उंच टाकीला पक्की शिडी हवी, म्हणजे तपासणाऱ्याला वर चढून पाहता येते. यातले एकही कलम शोभेसाठी घातलेले नाही. प्रत्येकामागे कुठला ना कुठला आजार आहे. गच्चीवरच्या टाक्यांची अर्धी झाकणे फुटलेली आणि उरलेल्यांवर दगड ठेवलेले, हे आपण रोज पाहतो आणि डेंग्यू आला की धूर फवारणीची गाडी का आली नाही म्हणून नगरपालिकेला शिव्या देतो.

आता ते १२ मीटर घ्या. म्हणजे जवळजवळ ४० फूट. आपल्याकडे गावाबाहेरच्या जमिनीचे गुंठा-गुंठ्याचे तुकडे पाडून विकले गेले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण ३३ बाय ३३. अशा जागेत एका कोपऱ्यात बोअर आणि अगदी समोरच्या कोपऱ्यात शोषखड्डा घेतला, तरच कसेबसे ४० फूट भरतात. तेवढ्यात शेजाऱ्याचा शोषखड्डा तुमच्या बोअरच्या कुंपणापलीकडेच असतो! नियम पाळायचा म्हटला तरी पाळता येणार नाही अशी वस्ती आपण आधी उभी केली आणि मग बोअरचे पाणी गोड लागते म्हणून प्यायलो.

शहरातल्या इमारतींची कथा वेगळी नाही. एकदा एकाच इमारतीतले काविळीचे रुग्ण माझ्याकडे पाठोपाठ येऊ लागले. तिसरा आला तेव्हा मी संध्याकाळी तिथे गेलो. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी आणि सेप्टिक टँक शेजारी शेजारी, मध्ये विटांची एक भिंत. जागा वाचावी म्हणून. भिंतीला गेलेली चीर बाहेरून दिसण्याचे कारणच नव्हते. रहिवाशांनी तोपर्यंत हाताला चुना लावून कावीळ ‘उतरवून’ आणली होती.

दुसरे कारण तर सर्वत्र आहे. आपल्याकडे नळाला पाणी दिवसातून तास-दोन तास, कुठे आठवड्यातून दोनदा येते. उरलेला वेळ पाइप रिकामा आणि दाबाविना असतो. हाच पाइप गटाराच्या आतून किंवा खालून नेलेला असतो, कारण तो मार्ग जवळचा पडतो. त्यात कोणी नळाला थेट मोटर जोडली की पाइपात ओढ निर्माण होते आणि जिथे गंजून भोक पडले असेल तिथून गटाराचे पाणी आत खेचले जाते. मोटर लावणाऱ्याला दोन बादल्या जास्त मिळतात आणि गल्लीला कावीळ.

या पाण्यातून येणाऱ्या काविळीत हेपेटायटिस ‘ई’ हा विषाणू आपल्याकडे महत्त्वाचा. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात मैलापाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ची होती हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून बऱ्याच वर्षांनी समजले. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. शिवाय विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे रुग्ण येतो तेव्हा पाइप फुटून महिना उलटलेला असतो आणि तो सांगतो, ‘डॉक्टर, परवा बाहेर भेळ खाल्ली होती.’ बिचारा भेळवाला!

आणखी एक गोष्ट म्हणजे मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप. वाकड्या नळीत साठून राहणारे ते दोन इंच पाणी गटाराची हवा घरात येऊ देत नाही. हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स या वसाहतीत २००३ साली सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात कोरडे पडलेले ट्रॅप आणि मैल्याच्या पाइपातून बाथरूमच्या पंख्यांनी ओढलेली हवा यांच्याकडे बोट दाखवले गेले. आपल्याकडे वास आला तर डांबराच्या गोळ्या टाकतात.

माझे म्हणणे असे, की नियमांत आता भर घालण्याची गरज नाही. भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी, खरे तर गिलावा होण्यापूर्वी, सगळे पाइप पाण्याने भरून, तोंडे बंद करून गळती तपासली पाहिजे आणि त्या वेळी नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचा माणूस हजर पाहिजे. खर्च वाढेल अशी ओरड होईल. पण या तपासणीला पाण्याखेरीज फारसे काही लागत नाही. दुसरे म्हणजे आज परवाना एकाचा आणि पाना दुसऱ्याचा असा प्रकार चालतो. जो पोरगा प्रत्यक्ष जोडणी करतो त्याने हे काम उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेले असते, ट्रॅप कशासाठी हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याला शिकवा, परवाना त्याच्या नावाने द्या. आणि नगरपालिकेत शेकडो बांधकामांना एखादाच अभियंता असेल, तर त्याने टाकीवर चढून पाहावे ही अपेक्षाही फोल आहे. ती पदे भरा.

तोपर्यंत सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंगवरून भांडण्याआधी इमारतीच्या पाइपांचा नकाशा मागा. बहुतेक ठिकाणी तो मिळणार नाही, तेव्हा पिण्याची टाकी आणि मैल्याची टाकी यांत किती अंतर आहे ते टेप लावून मोजा. नगरपालिकेचे पाणी येते त्या वेळी, टाकीत न गेलेल्या थेट नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी करून घ्या. त्यात पिवळा रंग आला तर क्लोरीन पोहोचते आहे. रंग आला नाही तर त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवा, पोच घ्या आणि पाणी खळखळून उकळून प्या. घरात कोणी गरोदर असेल तर रंग येवो वा न येवो, पाणी उकळूनच द्या.