नवख्या डिझायनरने ग्राहक कसा पारखावा? ४५ दिवसांचा नियम समजून घ्या

लोगो, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, मोबाइलवरील जाहिराती अशी कामे स्वतंत्रपणे करणाऱ्या तरुणांना सुरुवातीला एकच चिंता असते, ती म्हणजे काम मिळण्याची. दर कमी सांगितला की काम मिळतेही. खरी अडचण नंतर येते. फाइल पाठवल्यावर "छान झालंय" असा निरोप येतो, आणि पैशांचा विषय काढला की "पुढच्या आठवड्यात बघू". म्हणून चांगला ग्राहक म्हणजे मोठ्या नावाचा नव्हे, तर ठरलेले पैसे ठरल्या दिवशी देणारा. असा ग्राहक निवडताना एका कायद्याची मदत होते. तो फक्त कारखान्यांसाठी आहे, असा गैरसमज मात्र नको.

कायदा काय सांगतो?

सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. एकट्याने काम करणारा डिझायनरही 'सूक्ष्म उपक्रम' म्हणून उद्यम नोंदणी करू शकतो.

• लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत पैसे द्यावे लागतात. ही मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.
• लेखी करार नसल्यास मुदत १५ दिवसांची.
• काम मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम स्वीकारले असे धरले जाते. तीन महिन्यांनी "डिझाइन आवडलं नाही" म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे.
• उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

२०२४ पासून काय बदलले?

कायदा जुना असला, तरी नवख्या माणसाने ग्राहकाकडे व्याज मागणे सोपे नाही; पुढचे काम जाईल ही भीती असतेच. २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेली आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली प्राप्तिकराची तरतूद इथे कामी येते. सूक्ष्म किंवा लघू उपक्रमाचे मुदत उलटलेले बिल आर्थिक वर्ष संपेपर्यंत दिले नाही, तर व्यावसायिकाला तो खर्च त्या वर्षी करातून वजा करता येत नाही. तुम्ही न भांडताही ग्राहकाचा हिशेबनीस बिलाची आठवण करून देतो.

मर्यादाही लक्षात घ्या

घरगुती समारंभासाठी काम देणाऱ्यावर या करनियमाचा परिणाम होत नाही, कारण तो हा खर्च करातून वजा करतच नाही. परदेशी ग्राहकाविरुद्ध सुविधा परिषदेकडे जाता येत नाही. ग्राहक भारतात कुठेही असला, तरी तुमच्या भागातील परिषद प्रकरण ऐकू शकते. म्हणजे इंदूरच्या डिझायनरला बेंगळुरूच्या कंपनीसाठी तिकडे जावे लागत नाही. मात्र निकालाला वेळ लागू शकतो. म्हणून तक्रार हा शेवटचा उपाय समजा, ग्राहकाची पारख आधीच करा.

काम घेण्यापूर्वी

१. उद्यम नोंदणी काम सुरू होण्याआधी करा. त्यासाठी आधार व पॅन लागते. अधिकृत पोर्टलवर शुल्क नाही. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहा.
२. दर, किती वेळा बदल करून देणार आणि पैसे देण्याची तारीख ईमेलवर लिहून घ्या.
३. काही रक्कम आगाऊ मागा.
४. फाइल पाठवल्याची तारीख जपून ठेवा आणि बिलावर उद्यम क्रमांक टाका.

यांपैकी लेखी कराराला किंवा उद्यम क्रमांकालाच जो आक्षेप घेतो, त्याने पैसे देण्याबद्दलचा आपला विचार आधीच सांगितला आहे. असे काम सोडल्याने एक महिना रिकामा जाईल. पण ते घेतले, तर मेहनतही जाईल आणि वसुलीचा वेळही.