घरटी कर्ज सांगा

चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची कोनशिला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते 21 नोव्हेंबर 2020 रोजी बसली. लांबी 118.9 किलोमीटर, मार्गिका तीन, खर्च 63,246 कोटी रुपये. अवघ्या काही महिन्यांत निर्मला सीतारामन यांनी केंद्रीय अर्थसंकल्पातही या प्रकल्पाचा गाजावाजा केला. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मात्र उजाडली 3 ऑक्टोबर 2024 रोजी. मधल्या काळात माधवरमपासून शोळिंगनल्लूरपर्यंत रस्ते खणले गेले, लाइटहाउस-पूनमल्ली मार्गावर खांब उभे राहिले आणि चेन्नईकर धूळ खात वाहतूक कोंडीत अडकले. कागदोपत्री प्रकल्प राज्याचाच असल्याने त्यासाठीची परदेशी वित्तसंस्थांची उचल तमिळनाडूच्या कर्जमर्यादेत मोजली जात होती. कोनशिला केंद्राची आणि कर्ज राज्याच्या डोक्यावर, असा हा जवळपास चार वर्षांचा मामला.

दिल्ली आणि चेन्नई यांच्यातील तेढीचा हा एकच नमुना नव्हे. केंद्राच्या पीएम श्री शाळांच्या करारावर राज्याने सही केली नाही म्हणून समग्र शिक्षा योजनेचे 2,152 कोटी रुपये केंद्राने अडवले आणि राज्य त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. विधेयके राज्यपालांकडे पडून राहिली, तो वादही न्यायालयातच पोहोचला. दोन सरकारांनी एकमेकांशी बोलायचे ते वकिलांमार्फत, ही पद्धतच पडून गेली आहे.

यात तमिळनाडूची तक्रार खोटी नाही. केंद्रीय करांतून राज्यांना वाटल्या जाणाऱ्या रकमेत नवव्या वित्त आयोगाने या राज्याला 7.931 टक्के वाटा दिला होता. दहाव्याने तो 6.637वर आणला आणि पंधराव्या आयोगाच्या काळात तो 4.079 टक्के उरला. लोकसंख्या आटोक्यात ठेवली, दरडोई उत्पन्न वाढवले, त्याचीच ही शिक्षा, असे तिथले सर्वपक्षीय म्हणणे आहे. 2024च्या लोकसभा प्रचारात द्रमुकचे उदयनिधी स्टालिन यांनी तर पंतप्रधानांना ‘28 पैसे’ असे नावच ठेवले. राज्याने दिलेल्या रुपयातले तेवढेच परत येतात, हा त्याचा अर्थ. हा हिशेब प्रचाराला छान, पण कच्चा. मोठ्या कंपन्या प्राप्तिकर भरतात तो मुख्यालयाच्या गावी. कारखाना भलत्याच राज्यात असतो. मुंबईच्या नावावर जमा होणारा सगळा कर मुंबईने कमावलेला नसतो, हे आपणही कबूल केले पाहिजे. तरीही उपकर आणि अधिभाराचा पैसा वाटणीत धरायचाच नाही, हा केंद्राचा पवित्रा कोणत्याही राज्याला खुपणाराच आहे.

वस्तू आणि सेवा कराने राज्यांचे हात आणखी बांधले. या कराची कल्पना रुजवण्यात मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संस्थापक राजा चेल्लय्या आणि आपले विजय केळकर यांचा मोठा वाटा. म्हणजे बुद्धी चेन्नईची आणि पुण्याची. पण 2016च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत घटनादुरुस्ती मताला आली तेव्हा सभात्याग केला तो अण्णाद्रमुकने. या कराच्या परिषदेत केंद्राच्या मताला एकतृतीयांश वजन आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते, म्हणजे केंद्राला नको ते तिथे होऊच शकत नाही. (दरांच्या गुंत्याबद्दल सप्टेंबर 2024मध्ये कोइमतूरच्या एका हॉटेलमालकाने सीतारामन यांनाच ऐकवले होते: बनला कर नाही, बनमध्ये क्रीम भरले की 18 टक्के, गिऱ्हाईक म्हणते, दोन्ही वेगवेगळे द्या, भरायचे ते मी बघतो. पुढच्या वर्षी 22 सप्टेंबरपासून दर कमी आणि सुटसुटीत झाले. महसुलाची जी खोट आली ती राज्यांच्याही वाट्याला गेली.)

इथवर चेन्नईची बाजू. पण कैफियत कितीही खरी असली तरी ती सांगून कर्ज फिटत नाही. तमिळनाडूचे कर्ज मार्च 2026अखेर 9.29 लाख कोटी रुपयांवर जाईल, असा अंदाज तिथल्या अर्थसंकल्पानेच दिला होता; राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ते 26 टक्के. त्याच वर्षाची अंदाजित महसुली तूट 41,635 कोटी. म्हणजे नुसते रस्ते-पूल बांधायला नव्हे, रोजचा खर्च भागवायलाही उसनवारी.

आणि राज्याच्या हाती उरलेली मोठी गंगाजळी कोणती, तर दारू. 2024-25मध्ये सरकारी ‘टास्मॅक’ दुकानांतून मिळालेला महसूल 48,344 कोटी रुपये होता. याच राज्यात, तेव्हाच्या मद्रास प्रांतात, राजाजींनी 1937 साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली आणि बुडालेला महसूल भरून काढायला 1939 साली विक्रीकर आणला. दारू सोडायची म्हणून कर बसवणारे ते सरकार होते. आज उलटा प्रकार आहे: कर बसवता येत नाही म्हणून दारू सोडवत नाही. उद्या एखाद्या मुख्यमंत्र्याने दारूबंदी पुकारली तर महसुली तूट एका फटक्यात दुपटीहून अधिक होईल. तिथली प्रत्येक निवडणूक दारूबंदीवर बोलते आणि निवडून आलेले प्रत्येक सरकार गप्प बसते, त्याचे कारण हे.

कर वाढवायचे म्हटले की काय होते, ते चेन्नईच्या घरपट्टीत पाहावे. शहरात सर्वसाधारण फेरआकारणी 1998मध्ये झाली होती. 2018मध्ये वाढ केली, ती पुढच्याच वर्षी निवडणुकीच्या धास्तीने गुंडाळली. अखेर 2022मध्ये एम. के. स्टालिन सरकारने जुन्या शहरात 600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 50 टक्के आणि 1,800 फुटांवरच्या घराला 150 टक्के अशी चढती वाढ केली. विरोधक रस्त्यावर आले. सरकारने काय सांगावे? ही पंधराव्या वित्त आयोगाची अट आहे. रास्त, श्रीमंताला जास्त लागणारा, चोवीस वर्षे थकलेला कर. तोही स्वतःच्या नावावर घ्यायला द्रमुकची छाती झाली नाही, दिल्लीकडे बोट दाखवले. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ झाली!

दिल्ली आणि चेन्नईच्या भांडणाचा खरा उपयोग इथे कळतो. पैसे का नाहीत, तर केंद्र देत नाही. कर का वाढला, तर केंद्राने सांगितले. केंद्रालाही ते सोयीचे, कारण राज्ये उधळी आहेत असे म्हणायला मोकळीक. मतदाराला खरा आकडा दोघांकडूनही मिळत नाही.

एकदा मात्र मिळाला होता. 9 ऑगस्ट 2021 रोजी तमिळनाडूचे तेव्हाचे अर्थमंत्री पळनिवेल त्यागराजन यांनी श्वेतपत्रिका काढली आणि घरटी कर्ज 2,63,976 रुपये, असा आकडा छापला. तूट 2013पासून कशी वाढली, वीज मंडळ आणि बसमहामंडळे कशी पोखरली, सगळे त्यात होते. विरोधकांवर खापर फोडण्याचा हेतू होताच, असू दे. आकडा तर घरोघरी गेला. गंमत अशी की चारच दिवसांनी याच अर्थमंत्र्यांनी पेट्रोलवरचा कर लिटरमागे तीन रुपयांनी उतरवला. मे 2023मध्ये अर्थखातेही त्यांच्याकडून गेले.

कर्ज फेडून दाखवल्याचा जुना दाखलाही आहे. ज्या तंजावरी मराठी मंडळींनी दक्षिणेत कारभार गाजवला, त्यांतले टी. माधवराव 1857 ते 1872 त्रावणकोरचे दिवाण होते. कर्जबाजारी संस्थान हाती घेऊन त्यांनी मिरीचा मक्ता आणि कित्येक किरकोळ पट्ट्या उठवल्या आणि 1863पर्यंत सरकारी कर्ज फेडले. चेन्नईच्या मैलापुरात 1891 साली ते वारले. त्यांना मतदारांपुढे जायचे नव्हते, हे खरे. पण हिशेब उघडा ठेवायला मतदार आड येत नाही. येते ती सत्ताधाऱ्यांची भीती.

महाराष्ट्राने चेन्नईला नावे ठेवण्याचे कारण नाही. 10 मार्च 2025च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी 45,891 कोटींची महसुली तूट दाखवली आणि कर्जाचा अंदाज 9.32 लाख कोटींवर नेला. उत्पन्नाच्या मानाने ते 19 टक्क्यांच्या आत आहे, हा दिलासा जरूर. पण ‘लाडकी बहीण’साठी त्या वर्षी धरलेले 36,000 कोटी कुठून आले, हे कोणी सरळ सांगत नाही. बहिणींना पैसे देऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. तमिळनाडूनेही सप्टेंबर 2023पासून महिलांना महिना हजार रुपये द्यायला सुरुवात केली. ते कोणाकडून घेऊन देता, एवढेच विचारायचे आहे. 2011च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकांनी भागले तर महाराष्ट्राचे हे कर्ज माणशी 83 हजारांच्या घरात जाते. हा भागाकार वर्तमानपत्राने करण्याचे कारण नाही. येत्या अधिवेशनात राज्य सरकारने श्वेतपत्रिका मांडावी, तीत घरटी कर्जाचा आकडा छापावा, महामंडळांना दिलेल्या हमींसकट. आणि तो मांडेपर्यंत विरोधकांनी नव्या सवलतीची एकही मागणी करू नये.