सव्वा वितीचे इंजिन

परवा बऱ्याच दिवसांनी मामांकडे गेले. दार मामींनी उघडले आणि चपला काढायच्या आधीच तक्रार कानावर आली, “ये, बघ तुझे मामा! सत्तरी उलटली आणि आता आगगाडीशी खेळताहेत.”

मामा खिडकीपाशी बसले होते. समोर जुन्या वर्तमानपत्रावर एक निळे इंजिन आणि हातात पंचांग वाचायचे भिंग. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मामेबहिणीने ते वाढदिवसाची भेट म्हणून पाठवले होते. किंमत मामींनी तीनदा विचारली आणि तिने तिन्ही वेळा विषय बदलला. “एवढ्या पैशांत मिक्सर आला असता, वर कुकरही,” मामी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मामांची उभी हयात कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून गेली. त्यांच्यासाठी लेकीने इंजिन निवडावे, यात नवल ते काय! पण हे इंजिन साधेसुधे नव्हते. ते होते ब्रिटिश रेल्वेचे नावाजलेले ‘डेल्टिक’.

या नावाची गोष्ट मजेशीर आहे. ‘डेल्टा’ हे त्रिकोणासारखे दिसणारे ग्रीक अक्षर. नेपियर कंपनीने ब्रिटिश आरमाराच्या वेगवान गस्ती बोटींसाठी एक डिझेल इंजिन बनवले. त्यात सिलिंडर त्रिकोणात मांडलेले होते आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक क्रँकशाफ्ट. सिलिंडर अठरा, पण पिस्टन छत्तीस. कारण प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावत. आकार लहान, वजन कमी आणि ताकद मोठी. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने अशी दोन इंजिने एका गाडीत बसवली आणि १९५५ साली पहिले डेल्टिक रुळांवर आणले. पुढे १९६१-६२ मध्ये अशी २२ इंजिने तयार झाली. लंडन ते एडिंबरो या ३९३ मैलांच्या मार्गावर त्यांनी वाफेच्या ५५ इंजिनांची जागा घेतली. १९६२ साली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ही गाडी हे अंतर सहा तासांत कापू लागली.

“आमच्या डब्ल्यूडीएम-२ ची ताकद २६०० अश्वशक्ती आणि वजन सुमारे ११३ टन,” मामा भिंगातून न बघता म्हणाले. “हे ३३०० चं, आणि वजन शंभर टन. अगं, कमी लोखंडात जास्त दम! बनवणाऱ्याचं डोकं बघ.”

आता हे शंभर टनी धूड मामांच्या वर्तमानपत्रावर कसे मावले? ब्रिटनमध्ये ‘डबल-ओ’ नावाचे प्रमाण सर्वाधिक चालते. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलचे चार मिलिमीटर. थोडक्यात, मूळ वस्तूच्या सुमारे शहात्तरावा भाग. डेल्टिक साडेएकोणसत्तर फूट लांब, म्हणून हे मॉडेल २८ सेंटिमीटर. सव्वा वीतच म्हणा ना! मी कागदावर आणखी गणिते मांडली. ताशी शंभर मैलांचा वेग या प्रमाणात सेकंदाला जेमतेम दोन फूट होतो. लंडन ते एडिंबरो हे अंतर सव्वाआठ किलोमीटर भरते. गंमत आहे ती वजनाची. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही शहात्तरपट घटतात, त्यामुळे शंभर टनांचे २३० ग्रॅमच उरतात. एवढे हलके मॉडेल डबे ओढताना चाके जागीच फिरवील. म्हणून आत मुद्दाम धातूचे वजन घालतात.

तंतोतंत म्हणवणाऱ्या या मॉडेलमध्ये एक खोटही आहे, आणि ती जुनी आहे. चार मिलिमीटरच्या हिशेबाने रुळांमधले अंतर पावणेएकोणीस मिलिमीटरच्या किंचित वर हवे. प्रत्यक्षात ते साडेसोळाच असते. ब्रिटिश गाड्या युरोपातल्या गाड्यांपेक्षा अंगाने लहान. त्या काळच्या विजेच्या मोटारी इवल्याशा सांगाड्यात मावेनात. मग युक्ती केली, रूळ युरोपातल्या लहान मापाचे ठेवले आणि वरचा सांगाडा थोडा मोठ्या मापाचा केला. ती तडजोड आजतागायत टिकून आहे. काही कट्टर मंडळी मात्र स्वतःच्या हाताने चाके बदलतात आणि रूळही योग्य मापाचे घालतात.

डेल्टिकचे मॉडेल हॉर्नबी डब्लोने १९६१ मध्येच बाजारात आणले होते, म्हणजे खरी इंजिने कारखान्यातून बाहेर पडत होती त्याच सुमारास. ते मुलांचे खेळणे होते. आजच्या मॉडेलचा थाट वेगळा. छतावरच्या पंख्यांची जाळी धातूच्या पत्र्यातून कोरलेली असते आणि तिच्याखाली पंखा दिसतो. चालकाच्या खोलीत खुर्ची आणि उपकरणे असतात. आत बसवलेल्या चिपमुळे जपून ठेवलेल्या खऱ्या इंजिनाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो.

मामांनी भिंग माझ्या हाती दिले. “खिडक्यांभोवती पांढरी पट्टी दिसते का?”

दिसत होती. क्रमांक होता ५५००९ आणि नाव ‘अ‍ॅलिसिडॉन’. लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडमधल्या डेल्टिकना शर्यतीच्या नामांकित घोड्यांची नावे होती. १९७८ पासून या मार्गावर नव्या वेगवान गाड्या आल्या आणि डेल्टिकचे दिवस भरत आले. तेव्हा १९७९ मध्ये फिन्सबरी पार्कच्या शेडमध्ये या इंजिनांच्या खिडक्यांभोवती पूर्वीसारखी पांढरी पट्टी पुन्हा रंगवण्यात आली. तिने वेग वाढणार नव्हता की आयुष्यही. सासरी जाणाऱ्या लेकीला शेवटचे न्हाऊ घालावे, तसा तो प्रकार. मॉडेल बनवणाऱ्यांनी ही पट्टी गाळलेली नाही. ती पाहिली की जाणकार लगेच सांगतो, हे इंजिन अखेरच्या दोन-तीन वर्षांतले. २ जानेवारी १९८२ रोजी डेल्टिकची निरोपाची गाडी धावली. अ‍ॅलिसिडॉन मात्र भंगारात गेले नाही. चाहत्यांच्या संस्थेने ते विकत घेऊन जपले आहे.

“सगळं ठीक आहे,” मामा म्हणाले, “पण इतकं स्वच्छ इंजिन मी जन्मात पाहिलं नाही.”

मामांचे म्हणणे छंदी लोकांनाही पटलेले आहे. नवेकोरे मॉडेल आणून त्यावर ते बारीक ब्रशने काजळी, गंज आणि तेलाचे ओघळ रंगवतात. पण मळ कुठेही फासून चालत नाही. डेल्टिक उभे असताना त्याच्या धुराच्या मार्गात तेल साठे आणि निघताना छतावर धुराचा लोट उठे. म्हणजे काजळी कुठे, ओघळ कुठे, हे माहीत हवे. त्यासाठी ही मंडळी जुनी छायाचित्रे धुंडाळतात आणि निवृत्त कामगारांना गाठून विचारतात. नकाशात इंजिनाचे माप सापडते. त्याचा मळ सापडतो तो ते पुसणाऱ्याच्या आठवणीत.

इथे मला आपली एक गोष्ट आठवली. डेल्टिक बनली ती लँकेशायरमधल्या न्यूटन-ली-विलोज गावी, व्हल्कन फाउंड्रीत. याच कारखान्याने १८५२ मध्ये जीआयपी रेल्वेसाठी आठ वाफेची इंजिने बनवून मुंबईला पाठवली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आपली पहिली गाडी त्यांतल्याच तीन इंजिनांनी ओढली. त्या आठांतले एकही आज कुठल्या संग्रहालयात पाहायला मिळत नाही. त्यांना तेल घालणाऱ्या आणि कोळसा टाकणाऱ्या माणसांना तर कुणी काही विचारल्याचेही ठाऊक नाही.

मी वही काढली. “मामा, तुमच्या डब्ल्यूडीएम-२ वर तेल कुठे गळायचं?”

मामा बोलू लागले. कुठले झाकण उघडले की हात कोपरापर्यंत काळा व्हायचा, पावसाळ्यात काय बिघडायचे, कुठला आवाज आला की साहेबांच्या आधी फिटरला कळायचे. त्यांना असे सलग बोलताना मी कधी ऐकले नव्हते. कारण मीही कधी विचारले नव्हते.

मामी चहा घेऊन आल्या आणि ट्रे हातात धरून ऐकत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “डाव्या बाजूचं तेल लिही. ह्यांच्या शर्टाची डावी बाही जास्त काळी असायची. उजवी एका हातात निघायची, डावीला दोनदा साबण लागायचा. तीस वर्षं धुतलेत मी.”

मामा चमकून पाहत राहिले. “खरंच की,” ते हळूच म्हणाले, “उजव्या हातात पाना. मशीनच्या आत जायचा तो डावाच.”

मी तेही लिहून घेतले. वाचकहो, तुमच्याही घरात एखादा निवृत्त फिटर, कंपॉझिटर किंवा गिरणी कामगार असेल, आणि त्याचे कपडे धुतलेली माऊलीही असेल. वही घेऊन दोघांजवळ जरूर बसा.

निघताना पाहिले, तर मामी पदराच्या टोकाने त्या निळ्या इंजिनावरची धूळ टिपत होत्या. मिक्सरचा विषय पुन्हा निघाला नाही.