सलाम पुरे, आता विचारा

आमचं जूचंद्र रांगोळीचं गाव. रांगोळीत जवान दिसला की सेल्फीला गर्दी होते. तोच जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन येतो, रात्र-रात्र झोप नाही म्हणतो, तेव्हा आपण सुनावतो, ‘फौजी ना तुम्ही? खंबीर राहा!’ हे कौतुक नव्हे, तोंड दाबणं आहे.

पुण्यात एएफएमसीत १ डिसेंबर २०२३ला सैन्यदलांसाठी टेलिमानस कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सर्वांसाठी मोफत, चोवीस तास आहे. मग तो पेन्शनच्या प्रत्येक कागदावर ठळक छापा की!

आणि आपण? शेजारच्या फौजीकाकांना थेट विचारूया, ‘जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने मात्र माणूस एकटा पडतो.