क्षमा आणि हक्कसोडपत्र

अंधेरीतल्या आंबोली, मरोळ, कोंडिविटे या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, जागेला सोन्याचा भाव आला आणि एका अंगणात वाढलेली भावंडे कोर्टाची पायरी चढू लागली. चर्च मात्र एकच. मग एकाने सकाळच्या मिस्सेला यायचे, दुसऱ्याने संध्याकाळच्या. प्रभूची प्रार्थना दोघेही म्हणतात, आणि तिच्यात देवाकडे क्षमा मागताना आपण इतरांना केलेल्या क्षमेचा हवाला द्यावा लागतो.

भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का, असे पेत्राने विचारले तेव्हा येशूने साताच्या सत्तरपट सांगितले आणि एक दाखला दिला. राजाने एका चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरून त्याला तुरुंगात टाकून आला. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि तालांतात सुमारे सहा हजार दीनार. म्हणजे माफ झाले ते सहा कोटी दिवसांचे कर्ज. कुणाच्याही हयातीत न फिटणारे. पण शंभर दिवसांची मजुरी हीदेखील गरिबाला थोडी नव्हे. येशूने ती क्षुल्लक म्हटलेली नाही. आपल्यावर झालेला अन्याय खराच असतो. फक्त देवाने आपल्याला जे माफ केले त्याच्या शेजारी ठेवून तो मोजायचा असतो. ख्रिस्ती माणसाची क्षमा या मोजणीतून येते, मोठ्या मनाच्या अभिमानातून येत नाही.

या शिकवणुकीचा गैरवापर आपल्याच घरांत होतो, हे स्पष्ट बोलायला हवे. वडील गेल्यावर बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. तिने सही नाकारली की तिला क्षमेचा धडा ऐकवला जातो. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो. हिस्सा मागणारी बहीण क्षमाहीन ठरत नाही. मनातले वैर सोडणे वेगळे आणि न्याय सोडणे वेगळे.

इंदूरजवळच्या एका घटनेत हा फरक लख्ख दिसतो. मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया गोरगरीब आदिवासींना सावकारी पाशातून सोडवत होत्या. ज्यांच्या हितसंबंधांना धक्का बसला त्यांनी समंदर सिंग याच्याकरवी 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून प्रवास करणाऱ्या सिस्टरची हत्या घडवली. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही धर्मभगिनीच, 2002 मध्ये तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. त्या राखीने शिक्षा पुसली गेली नाही. तो त्यानंतरही तुरुंगातच होता. 2006 मध्ये तो सुटला, आणि त्या सुटकेसाठी सिस्टरच्या घरच्यांनीही शब्द टाकला होता. पुढे केरळला जाऊन तो त्यांच्या आईला भेटला. आईने त्याला जवळ केले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. या क्षमेसाठी त्या घराला कुणी भरीस घातले नव्हते, म्हणूनच तिला एवढे वजन आहे. ज्याच्या जखमेतून अजून रक्त वाहते आहे, त्याला आजच क्षमा कर म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही, धर्मगुरूंनाही नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करावी, सोबत करावी आणि थांबावे.

मग पहिले पाऊल कुणी टाकायचे? वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला येशू सांगतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. इथे ज्याने दुखावले, त्यालाच निघायला सांगितले आहे. प्रायश्चित्तकाळात उपनगरातल्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात, तेव्हा धर्मगुरूंनी बहिणीला क्षमेविषयी विचारण्याआधी भावाला हिशेबाविषयी विचारावे: वडिलांच्या खोल्यांचे भाडे किती वर्षे एकट्यानेच घेतले, बिल्डरशी बोलणी कुणाला न सांगता केली का, प्रॉपर्टी कार्डावर कुणाची नावे चढवायची राहिली. ती कागदपत्रे घेऊन त्याने बहिणीच्या दारी जावे, आणि सहीचा कागद सोबत नेऊ नये.