नोटरीचा शिक्का चुकला तर भरपाई कोण देणार?

समजा, बोरी बुद्रुकच्या कुकडीकाठच्या एकरभर जमिनीचं हक्कसोडपत्र नोटरीपुढं झालं. त्यावर सासरी नांदणाऱ्या बहिणीचा अंगठा आहे, आणि बहीण म्हणते, मी त्या दिवशी जुन्नरला गेलेच नव्हते. भावाला जाब विचारायचाच. पण 'माझ्यासमक्ष' म्हणून शिक्का मारणाऱ्याचं काय?

आधी एक गाठ सोडवू. 'नोटरी केली' म्हणजे जमीन नावावर झाली, ही समजूत गावोगाव आहे आणि ती साफ चुकीची आहे. शंभर रुपये व त्यावरच्या किमतीच्या स्थावराचा हक्क सोडायचा वा विकायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्यानं दस्त दुय्यम निबंधकाकडंच नोंदवावा लागतो. नुसत्या नोटरीच्या कागदानं बहिणीचा हक्क जात नाही. तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अशा कागदावर फेरफार धरूच नये. धरला आणि मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केला, तर प्रांताकडं साठ दिवसांत अपील करा.

आता नोटरीची जबाबदारी. 1952 च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला हा माणूस, बहुधा वकीलच. माणूस समोर आला, ओळख पटली, सही झाली, एवढंच तो सांगतो. मजकूर खरा की खोटा याची हमी तो देत नाही. वारसाच्या प्रतिज्ञापत्रात तुम्ही एक नाव गाळलंत, तर खोट्या शपथेचा गुन्हा तुमचा. पण माणूस न बघताच शिक्का मारला, तर ती त्याची गैरवर्तणूक. 1956 च्या नियमांतील नियम 13 प्रमाणे, ज्या सरकारनं नेमलं त्याच्याकडं ठराविक नमुन्यात तक्रार करता येते. चौकशीत दोषी ठरल्यास नोंदवहीतून नाव कमी होऊ शकतं. त्यात तुमच्या हाती पैसा मात्र एक छदाम येत नाही.

फौजदारीचा रस्ता त्याहून अवघड. कायद्याच्या कलम 13 प्रमाणे, नोटरीनं कामकाजात केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेतं. प्रामाणिक नोटरीला हे संरक्षण हवंच. पण लबाडालाही तेच कवच मिळतं, हे नाकारून चालणार नाही.

उरला दिवाणी दावा. हलगर्जीपणा सिद्ध करून भरपाई मागता येते. पण निकाल लागला तरी नोटरीकडं देण्यासारखं काही हवं ना? इथंच विम्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नोटरीला काम सुरू करण्याआधी 15,000 डॉलरचा हमी बाँड द्यावा लागतो. आपल्याकडं असा बाँडही सक्तीचा नाही, विमाही नाही. व्यावसायिक जबाबदारीचा विमा विकत मिळतो, तो घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तो विमाही चुकीला पैसे देतो, जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला नाही. नोटरीच्या बाजूनंही बघा: थोडक्या फीवर लाखोंच्या जमिनीची जोखीम डोक्यावर. आमच्या मते दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण होतं, तेव्हाच सरकारनं विम्याची अट घालावी. हप्ता भरणारा नोटरी ओळखपत्र दोनदा बघेल.

तोवर तुम्ही काय कराल? नोटरीला प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावीच लागते. तुमच्या कागदाचा अनुक्रमांक आणि तारीख लिहून घ्या. वहीतली सही स्वतः करा, ओळखीच्या माणसाला पाठवू नका. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा कधीच नको. मुखत्यारपत्राबाबत तर फारच जपा, कारण नोटरीपुढं झालेलं मुखत्यारपत्र उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालय खरंच धरून चालतं. खोटं आहे हे दाखवायचं ओझं तुमच्यावर. आणि फसवणूक कळली की कांद्याची काढणी उरकू द्या, मग बघू, असं म्हणू नका. कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल भरपाईच्या दाव्याला मुदत एकच वर्षाची लागू शकते. तोच हिशेब धरून वकिलाकडं जा.